चौकोन, गाव आणि वीस टक्के: पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या नकाशांचा प्रकरण अभ्यास

पश्चिम घाटातील पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र नेमके कोणते, या एकाच प्रश्नाचे उत्तर केंद्र सरकारने नेमलेल्या दोन समित्यांनी दोन वर्षांच्या आत दोन निरनिराळ्या नकाशांच्या रूपाने दिले. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल सादर केला आणि के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय कार्यगटाने एप्रिल २०१३ मध्ये. त्यानंतर २०१४ ते २०२४ या काळात केंद्राने अधिसूचनेचे सहा मसुदे काढले. महाराष्ट्रात आणि गोव्यात या सगळ्याची चर्चा मुख्यतः पर्यावरण विरुद्ध विकास अशीच होत राहिली. नकाशे तयार कसे झाले, मोजमापाचे एकक कोणते घेतले, गुण कसे दिले आणि कोणत्या टप्प्यावर कोणती माहिती गळून गेली, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

मी नकाशांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम करतो आणि या प्रकरणाकडे त्याच बाजूने पाहतो. दोन्ही नकाशांतील फरक समित्यांच्या भूमिकांमधून जितका आला, तितकाच तो डेटाच्या रचनेतून आला, असे माझे मत आहे. ही रचना थरांमध्ये नीट वेगळी ठेवली असती आणि कोणालाही पुन्हा चालवून पाहता आली असती, तर गावांना नकाशातील एखाद्या चुकीवर बोट ठेवता आले असते. तसे झाले नाही म्हणून नकाशा सरसकट मान्य करणे किंवा सरसकट फेटाळणे एवढेच त्यांच्या हाती राहिले.

पहिला नकाशा

गाडगीळ गटाने तापीपासून कन्याकुमारीपर्यंतच्या सुमारे १,२९,०३७ चौरस किलोमीटर प्रदेशावर पाच मिनिटे अक्षांश आणि पाच मिनिटे रेखांश अशा चौकोनांचे जाळे टाकले. एक चौकोन म्हणजे साधारण नऊ किलोमीटर लांब आणि नऊ किलोमीटर रुंद जमीन, अर्थात सुमारे ८,१०० हेक्टर. प्रत्येक चौकोनासाठी प्रदेशनिष्ठ वनस्पतींची संख्या, धोक्यातील प्रजातींच्या जागतिक लाल यादीतील सस्तन प्राण्यांच्या प्रजाती, शोलासारख्या खास सदाहरित वनांचे प्रमाण, फारशा न विस्कटलेल्या जंगलाचे प्रमाण, एकूण वनाच्छादन, समुद्रसपाटीपासूनची उंची, उतार आणि नदीकाठची झाडी असे घटक तपासले गेले. प्रत्येक घटकाला एक ते दहा या मापात गुण दिले आणि त्यांची सरासरी काढली. त्यानंतर प्रत्येक राज्यातील अस्तित्वात असलेल्या अभयारण्यांना आणि राष्ट्रीय उद्यानांना याच पद्धतीने मिळालेले गुण त्या राज्यापुरते प्रमाण मानून बाकीचे चौकोन संवेदनशीलतेच्या तीन श्रेणींत वाटले.

ही पद्धत अहवालात पायरीपायरीने मांडलेली आहे, आणि ते त्या गटाचे मोठे योगदान आहे. सरकारी अहवालात सूत्र इतके उघडे ठेवलेले क्वचितच आढळते, आणि ते उघडे असल्यामुळेच त्यातील प्रत्येक निवड तपासता येते.

पहिली निवड चौकोनाच्या आकाराची. अंश आणि मिनिटांत आखलेला चौकोन सर्वत्र सारख्या क्षेत्रफळाचा नसतो. रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळे कन्याकुमारीजवळच्या चौकोनापेक्षा तापीजवळचा चौकोन पाच ते सहा टक्क्यांनी लहान भरतो. ‘चौकोनात किती प्रजाती’ असे मोजताना उत्तरेकडच्या चौकोनांना थोडी कमी जमीन मिळते. हा दोष लहान आहे, आणि पृथ्वीचा गोल पृष्ठभाग मीटरच्या मापात सपाट मांडणाऱ्या यूटीएम झोन ४३ सारख्या प्रक्षेपणात जाळे आखले असते तर तो जवळपास नाहीसा झाला असता. मात्र उपलब्ध माहिती आधीच अंश-मिनिटांत साठवलेली असेल तर नवे जाळे आखण्याचा खटाटोप कोणी करत नाही, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. गोव्याचा विस्तार इतका लहान आहे की पाच मिनिटांच्या जाळ्यात तो जेमतेम काही डझन चौकोनांत संपतो. म्हणून तेथे गटाने एक मिनिटाचे जाळे वापरून पाहिले. एकक प्रदेशानुसार बदलावे लागते, याची ही एका अर्थाने कबुलीच होती.

दुसरी निवड जास्त महत्त्वाची आहे. सगळ्या घटकांची सरासरी घेणे म्हणजे सगळ्यांचे वजन सारखे मानणे. कोडमध्ये हे वजन कोठेही लिहावे लागत नाही, बेरीज करून भागाकार केला की ते आपोआप येते, आणि म्हणून तो एक निर्णय आहे हे लक्षातही येत नाही. उंची, उतार आणि वनाच्छादन हे तिन्ही घटक सह्याद्रीच्या कड्यांवर एकत्रच वाढतात. परिणामी उंच, तीव्र उताराच्या आणि दाट झाडीच्या चौकोनाला एकाच गुणासाठी जणू तिहेरी श्रेय मिळते, तर सपाट, उघड्या आणि कमी उंचीच्या, तरीही दुर्मीळ वनस्पतींनी भरलेल्या जमिनीला तितक्याच वेळा वजाबाकी सोसावी लागते. कोकणातील सडे, म्हणजे जांभ्या खडकाची उघडी पठारे, नेमके असे आहेत. त्यांच्याकडे पुढे परत येतो.

गटाने ही श्रेणी शेवटी तालुक्यांच्या नावांनी जाहीर केली. नऊ किलोमीटरच्या चौकोनांतून तालुक्यांकडे जाताना मूळ मापातला आणखी एक थर मिटला. तालुक्यात घाटमाथाही असतो, पायथ्याची भातशेतीही असते आणि बाजारपेठेचे गावही असते. ‘आमचा तालुका पहिल्या श्रेणीत टाकला’ एवढेच वाक्य लोकांपर्यंत पोहोचले आणि विरोध त्या वाक्यावर उभा राहिला. वास्तविक अहवालाने ही आखणी प्राथमिक असल्याचे सांगितले होते. अंतिम सीमा सूक्ष्म पाणलोट आणि गावाच्या हद्दी पाहून, ग्रामसभांशी बोलून ठरवाव्यात असे त्यात स्पष्ट नमूद आहे. सिंधुदुर्गातील सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतील २५ गावांच्या ग्रामसभांनी तर स्वतःहून ठराव करून आपला परिसर संवेदनशील जाहीर करण्याची मागणी केली होती. खालून वर येणारी माहिती हाताशी होती. ती सामावून घेणारी जागा मात्र नकाशाच्या रचनेत नव्हती.

दुसरा नकाशा आणि वीस टक्क्यांची रेघ

कस्तुरीरंगन कार्यगटाने चौकोन सोडला आणि महसुली गाव हे एकक घेतले. भारतीय उपग्रहाच्या लिस-३ कॅमेऱ्याच्या २४ मीटर तपशिलाच्या प्रतिमा वापरल्या. एक पिक्सेल २४ मीटर लांब आणि तितकाच रुंद, म्हणजे ५७६ चौरस मीटर, आपल्या हिशेबात सुमारे पावणेसहा गुंठे. पहिल्या नकाशाच्या एका चौकोनात असे जवळपास १,४०,००० पिक्सेल मावतात, एवढी झेप तपशिलात होती. कार्यगटाने पश्चिम घाटाचा प्रदेशही मोठा धरला, १,६४,२८० चौरस किलोमीटर. त्यात नैसर्गिक भूदृश्य आणि सांस्कृतिक भूदृश्य, म्हणजे शेती, बागायती व वस्त्या, असा भेद केला. मग जैविक समृद्धी जास्त, जंगलाचे तुकडे कमी पडलेले आणि लोकसंख्येची घनता कमी अशा भागांना, संरक्षित वनांसह, संवेदनशील ठरवले. हे क्षेत्र ५९,९४० चौरस किलोमीटर भरले, एकूण प्रदेशाच्या सुमारे ३७ टक्के.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. वृत्तपत्रांत ‘गाडगीळ ६४ टक्के, कस्तुरीरंगन ३७ टक्के’ अशी तुलना पुन्हा पुन्हा छापून आली. या दोन आकड्यांचे छेद वेगळे आहेत, कारण मुळात ‘पश्चिम घाट’ किती हेच दोघांनी वेगळे धरले होते, आणि ‘संवेदनशील’ याची व्याख्याही एकीकडे तीन पायऱ्यांची होती तर दुसरीकडे होय किंवा नाही अशी. छेद न सांगता टक्के सांगणारा अहवाल आमच्या व्यवसायात परत पाठवला जातो.

आता नियम पाहू. गावाच्या क्षेत्रफळापैकी २० टक्के किंवा त्याहून अधिक भाग संवेदनशील असेल तर ते गाव यादीत घ्यायचे, असे ठरले. ही एक ओळ किती ताकदवान आहे ते साध्या हिशेबातून कळते. समजा एक गाव १०० हेक्टरचे आहे आणि त्यात २० हेक्टर जंगल आहे. शेजारचे गाव १,००० हेक्टरचे आहे आणि त्यात १९० हेक्टर सलग जंगल आहे. पहिले गाव यादीत येईल आणि त्याचे उरलेले ८० हेक्टर शेत, घरे व खळी यांनाही तोच शिक्का बसेल. दुसरे गाव १९ टक्क्यांवर थांबल्यामुळे त्याचे १९० हेक्टर जंगल यादीबाहेर राहील, मग त्या जंगलात काय आहे हे कोणी विचारणार नाही. गावाच्या हद्दी जंगल पाहून आखलेल्या नाहीत, त्या महसूल वसुलीच्या सोयीने आखल्या गेल्या. हद्द जरा इकडे-तिकडे असती तर निकाल बदलला असता. मोजमापाच्या एककाचा आकार बदलला की निष्कर्ष बदलतो, ही भूगोल आणि सांख्यिकी यांतील जुनी, चांगली अभ्यासलेली अडचण आहे. येथे ती कायद्याच्या मसुद्यात उतरली.

यादीत येण्याचे परिणाम खरे आणि ठोस आहेत. मसुद्यानुसार अशा क्षेत्रात नवी खाण, दगडखाण आणि वाळू उपसा यांवर पूर्ण बंदी येते, नवे औष्णिक वीज प्रकल्प व लाल श्रेणीचे, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणारे, उद्योग उभारता येत नाहीत, आणि २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी बांधकामे करता येत नाहीत. शेतीवर किंवा राहत्या घराच्या दुरुस्तीवर बंदी नाही. पण आपले गाव कोणत्या पिक्सेलमुळे यादीत आले हे समजत नसेल, तर ‘उद्या आंब्याचे कलम लावायलाही परवानगी लागेल’ ही अफवा खोडून काढायला गावातल्या जाणत्या माणसाजवळही आधार नसतो.

आणखी एक तांत्रिक अडचण सांगतो, कारण ती बाहेरून क्षुल्लक वाटते. यादी गावांच्या नावांची आहे. महाराष्ट्रात एकाच नावाची गावे एकाच तालुक्यात असतात, बुद्रुक आणि खुर्द लावून ती ओळखली जातात. इंग्रजीत लिहिताना ही जोडनावे कधी गळतात, कधी ‘बु.’ आणि ‘खु.’ होतात, कधी ळ चा ल होतो. जनगणनेचा गाव संकेतांक, पंचायतीचा संकेतांक आणि भूमी अभिलेखातील नोंद या तिन्हींचा मेळ नावांवरून घालायचा प्रयत्न केला की काही गावे निसटतात आणि काही दोनदा येतात. कोकणात तर एका महसुली गावात पाच-सात वाड्या असतात आणि लोक वाडीच्या नावाने राहतात, त्यामुळे यादीत आपले गाव शोधणाऱ्याला ते सापडतही नाही. नावाच्या जागी कायमस्वरूपी संकेतांक हीच किल्ली असली पाहिजे, हा डेटाबेसचा पहिला धडा आहे. तो येथे पर्यावरणाच्या कामाचा भाग होतो.

सडा उपग्रहाला कसा दिसतो

ऑगस्टमध्ये रत्नागिरी किंवा राजापूरच्या सड्यावर उभे राहिले तर पायाखालचा जांभा दिसतच नाही. खळग्याखळग्यांत बोटभर पाणी साचलेले असते, त्यात सीतेची आसवे निळीजांभळी फुललेली असतात, गेंदाची पांढरी बोंडे वाऱ्यावर हलत असतात आणि मातीचा थर जेमतेम जिथे बोटभर आहे तिथे तेरडा दाटलेला असतो. सड्यावर पडलेले हे पाणी जांभ्यातून झिरपत खाली जाते, आणि पायथ्याच्या वाड्यांतील विहिरी व पऱ्हे त्यावर टिकतात. एप्रिलमध्ये त्याच जागी काळपट, तापलेला, उघडा कातळ असतो. घाटमाथ्यावरचे कासचे पठार याच प्रकारचे. त्याला जागतिक मान्यता मिळाली: २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यांतील महाराष्ट्राची चार स्थळे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही आहेत. कमी उंचीच्या कोकणी सड्यांना अशी ओळख मिळालेली नाही.

याचे एक कारण कॅमेऱ्याच्या वेळापत्रकात आहे. प्रकाशावर चालणारा उपग्रह कॅमेरा ढगांपलीकडे पाहू शकत नाही. जून ते सप्टेंबर या काळात कोकणावर ढग नसलेले चित्र मिळणे जवळपास अशक्य, म्हणून वनाच्छादन आणि भूमीवापराचे नकाशे साधारणपणे पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांतील प्रतिमांवरून बनतात. त्या महिन्यांत सडा वाळलेला असतो. हिरवेपणाचा निर्देशांक लाल आणि अवरक्त प्रकाशातील फरकावरून काढतात, तो येथे जवळपास शून्यावर येतो, आणि वर्गीकरण करणारा प्रोग्राम त्या पिक्सेलला खडकाळ पडीक असे नाव देतो. सरकारी नोंदींमध्येही अशी जमीन पडीकच असते. मग एखादा प्रकल्प शोधताना ‘पडीक जमीन प्राधान्याने’ हा निकष लावला की सडे सगळ्यांत आधी वर येतात.

प्रोग्रामने सांगितलेले चूक नव्हते. त्या दिवशी, त्या पिक्सेलमध्ये खरोखर खडक होता. दोष नोंदीत आहे, कारण ‘खडकाळ पडीक’ या नोंदीबरोबर ती कोणत्या महिन्याच्या प्रतिमेवरून केली ही तारीख पुढच्या टप्प्यात जात नाही. नकाशाचे काम करताना मला वेळ हा सर्वांत जास्त दुर्लक्षित होणारा रकाना वाटतो. प्रत्येक पिक्सेलच्या वर्गाबरोबर निरीक्षणाचा महिना साठवला, आणि जिथे पावसाळ्यातील निरीक्षण नाही तिथे ‘माहिती नाही’ असे स्पष्ट लिहिले, तरी पडीक ठरलेल्या कितीतरी जमिनीवर प्रश्नचिन्ह उमटेल. ‘माहिती नाही’ आणि ‘तेथे काही नाही’ या दोन गोष्टी सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या ठेवणे हे माझ्या दृष्टीने पर्यावरणाबाबतच्या जाणिवेचे अगदी मूलभूत रूप आहे. २०११ आणि २०१३ मध्ये यावर सहज उपाय नव्हता. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचे रडार २०१४ पासून ढगांतून पाहते, सेंटिनेल-२ च्या दहा मीटर तपशिलाच्या प्रतिमा २०१५ नंतर आल्या, आणि दोन्हींचा डेटा कोणालाही विनामूल्य मिळतो. ही सोय हाती आल्यावरही नव्या मसुद्यांचा पाया जुनाच राहावा, याचे मला दुःख आहे.

उलट बाजूची चूकही तितकीच महत्त्वाची आहे. दोडामार्ग परिसरात गेल्या दोन-तीन दशकांत रबर आणि काजूच्या सलग लागवडी झाल्या. रबराची बाग वरून दाट, एकसारखी हिरवी दिसते. चार पट्ट्यांत पाहणाऱ्या २४ मीटरच्या कॅमेऱ्याला ती आणि मूळचे निमसदाहरित जंगल यांतला फरक नेहमीच कळतो असे नाही. म्हणजे जिवंत सडा पडीक ठरू शकतो आणि एकाच झाडाची बाग जंगल ठरू शकते. या दोन्ही चुका ओळखणारी माणसे त्या त्या गावात असतात, आणि त्यांच्यासाठी उपग्रहाची गरज नसते.

जोडणारी जागा चौकोनात मावत नाही

दोडामार्ग हा या प्रकरणातील मला सर्वांत जवळचा भाग आहे. तिलारीच्या खोऱ्यापासून एका बाजूला गोव्याचे म्हादई अभयारण्य आणि कर्नाटकातील भीमगड, दुसऱ्या बाजूला उत्तरेकडे राधानगरी व सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, असा सलग वनपट्टा येथून जातो. २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती याच भागात उतरले. तरीही कस्तुरीरंगन कार्यगटाच्या यादीत दोडामार्ग तालुका आला नाही. ग्रामसभांचे ठराव ज्या भागातून आले होते त्यातीलच हा तालुका. वगळलेल्या गावाची नोंद म्हणजे त्याचे नाव यादीत नसणे, एवढीच. ते कोणत्या निकषावर बाहेर राहिले, हे यादी वाचून समजत नाही.

रचनेच्या दृष्टीने येथे एक मूलभूत गोष्ट आहे. चौकोन असो वा गाव, दोन्ही पद्धती प्रत्येक तुकड्याची गुणवत्ता स्वतंत्रपणे मोजतात. प्राण्यांच्या भ्रमणमार्गाची किंमत तुकड्यात नसते, जोडणीत असते. दोन मोठ्या जंगलांच्या मधला एखादा दोन किलोमीटरचा चिंचोळा पट्टा स्वतः मध्यम प्रतीचा असेल, त्यात बागाही असतील, पण तो तुटला तर दोन्ही बाजूंची जंगले एकमेकांपासून अलग होतात. सरासरीच्या सूत्राला हे कधीच दिसणार नाही. यासाठी प्रदेशाची मांडणी बिंदू आणि जोड यांच्या आलेखासारखी करावी लागते: जंगलाचे मोठे खंड हे बिंदू, त्यांमधून प्राण्याला ओलांडाव्या लागणाऱ्या जागेची ‘किंमत’ हे जोड, आणि कोणता जोड काढला तर आलेखाचे दोन तुकडे होतात हा प्रश्न. सर्वांत कमी किमतीचा मार्ग शोधण्याचे तंत्र प्रत्येक प्रोग्रामर विद्यार्थिदशेत शिकतो. क्यूजीआयएस आणि ग्रास यांसारख्या नकाशांच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ते तयार मिळते. कार्यगटाने वाघ आणि हत्तींचे मार्ग निकषांत धरले होते, हे मान्य. पण मार्ग हा गावाच्या यादीवर वरून ठेवलेला आणखी एक पट्टा राहिला, तर वीस टक्क्यांच्या नियमाने त्यातील मधलेच गाव गळून जाऊ शकते, आणि एक गाव गळाले की मार्ग राहत नाही.

न्यायालयांनी आणि राज्य सरकारने ही उणीव आपल्या परीने काही अंशी भरून काढली. सावंतवाडी–दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंदी घातली, २०२० मध्ये राज्य सरकारने तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले, आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या पट्ट्याच्या अधिसूचनेचा निर्णय मुदतीत घेण्याचे निर्देश दिले. दहा-अकरा वर्षांचा हा काळ प्रामुख्याने याचिका आणि प्रतिज्ञापत्रांत गेला.

केरळने काय केले

केरळमध्ये २०१३ साली, विशेषतः इडुक्की आणि वायनाडमध्ये, कस्तुरीरंगन अहवालाविरुद्ध मोठे आंदोलन झाले. राज्याने ओम्मेन व्ही. ओम्मेन यांच्या अध्यक्षतेखाली स्वतःची समिती नेमली आणि गावनिहाय पडताळणी करून वस्त्या, शेती व मळे वगळले. राज्याचे संवेदनशील क्षेत्र १३,१०८ चौरस किलोमीटरवरून ९,९९३.७ वर आले. केंद्राच्या मार्च २०१४ च्या मसुद्यात एकूण क्षेत्र ५९,९४० ऐवजी ५६,८२५ चौरस किलोमीटर आहे, आणि ही संपूर्ण घट एकट्या केरळची आहे. उरलेल्या राज्यांत महाराष्ट्राचे १७,३४० आणि गोव्याचे १,४६१ चौरस किलोमीटर जसेच्या तसे राहिले.

पडताळणीत काय वगळले जावे यावर माझे मत केरळच्या समितीपेक्षा वेगळे आहे. मळे वगळताना तीव्र उतार आणि ओढ्यांचे काठही बाहेर गेले असतील, तर तो निर्णय लोकांच्या सुरक्षिततेच्या विरोधात जाणारा होता. ३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमधील मुंडक्कै आणि चूरलमला येथे दरड कोसळून शेकडो माणसे गेली, आणि सहावा मसुदा दुसऱ्याच दिवसाच्या तारखेचा आहे. परंतु रचनेच्या अंगाने केरळने एक गोष्ट सिद्ध केली: एकक गावावरून गावातील प्रत्यक्ष तुकड्यावर आणता येते, आणि तसे आणले की मसुदा बदलतो. महाराष्ट्राने हे हत्यार वापरायचे ठरवले असते तर सडे, देवराया आणि भ्रमणमार्ग आत घेण्यासाठीही ते वापरता आले असते. कित्येक देवराया एक-दोन एकरांच्या असतात. एक एकर म्हणजे २४ मीटरचे सात पिक्सेल, आणि त्यांतले कडेचे पिक्सेल शेजारच्या शेताशी मिसळलेले. देवराई यादीत यायची असेल तर ती गावकऱ्याने दाखवलेल्या हद्दीवरूनच येईल.

मी ही प्रणाली कशी मांडली असती

मी तीन थर काटेकोरपणे वेगळे ठेवले असते. पहिल्या थरात केवळ निरीक्षणे: उपग्रहाची प्रतिमा तिच्या तारखेसह, वनस्पतींची नोंद ती करणाऱ्याच्या ओळखीसह, ग्रामसभेचा ठराव त्याच्या क्रमांकासह. या थरात कोणीही काही ‘सुधारत’ नाही, फक्त नव्या नोंदीची भर घातली जाते. दुसऱ्या थरात गुणांकन, ज्यात प्रत्येक घटकाचे वजन एका वेगळ्या फाइलमध्ये आकड्याने लिहिलेले असते आणि ‘सर्वांना सारखे’ हेही स्पष्ट लिहावे लागते. तिसऱ्या थरात नियम: वीस टक्के, शंभर माणसे प्रति चौरस किलोमीटर, राज्यनिहाय प्रमाण की घाटभर एकच. वीसच्या जागी पंधरा घातले तर कोणती गावे आत येतात आणि पंचवीस घातले तर कोणती बाहेर जातात, हे काही मिनिटांत दिसले पाहिजे. रेघेच्या अगदी जवळ असलेल्या गावांची यादी, म्हणजे अठरा ते बावीस टक्क्यांमधली, आपोआप वेगळी निघाली पाहिजे, आणि प्रत्यक्ष पाहणी आधी तेथे झाली पाहिजे.

मसुद्यातील प्रत्येक गावापुढे त्याचा संकेतांक, संवेदनशील क्षेत्राची टक्केवारी, ती कोणत्या निकषातून आली आणि कोणत्या वर्षाच्या प्रतिमेवरून, एवढे चार रकाने असावेत. यादीबाहेर राहिलेल्या गावांचीही अशीच ओळ असावी. सहा मसुद्यांमध्ये कोणत्या गावाची स्थिती केव्हा आणि का बदलली, हे आज जुळवायला छापील याद्या शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. कोडच्या आवृत्त्या सांभाळण्याची जी साधने आम्ही रोज वापरतो, त्यांत हा बदल एका ओळीत दिसला असता.

साधनांची उणीव नाही. क्यूजीआयएस २००२ पासून विकसित होत आहे, नकाशांची माहिती साठवणारा पोस्टजीआयएससारखा मुक्त डेटाबेस आहे, इस्रोचे भुवन हे नकाशांचे संकेतस्थळ २००९ पासून आहे, आणि फेब्रुवारी २०२१ च्या भूस्थानिक माहितीविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे बनवण्यावरचे पूर्वीचे परवाने बहुतांशी काढून टाकले. अवघड भाग शेवटच्या टप्प्याचा आहे. ग्रामसभेपुढे जाणारा नकाशा मोठ्या कागदावर, मराठीत, गट क्रमांकांसह, वाडीची नावे, ओढे, देवस्थाने आणि पायवाटा दाखवणारा असला पाहिजे, कारण लोक जमीन गट क्रमांकाने आणि खुणांनी ओळखतात, पिक्सेलने नाही. त्यासाठी भूमी अभिलेखाचे जुने गाव नकाशे उपग्रहाच्या प्रतिमेवर बसवावे लागतात. ते जुन्या मोजणीचे असल्यामुळे कोकणातील डोंगराळ गावांत ते कित्येकदा काही मीटर, काही ठिकाणी त्याहूनही जास्त सरकलेले आढळतात. २४ मीटरच्या पिक्सेलच्या कडेला असलेला गट आत की बाहेर, हे अशा सरकण्यावर ठरू शकते. म्हणून सरकण्याचा अंदाज प्रत्येक गावाच्या नकाशावर छापला पाहिजे, आणि त्या पट्ट्यात येणाऱ्या गटांचा निर्णय कागदावर न करता मोजणीदार, वनरक्षक व वाडीतली माणसे यांनी जागेवर उभे राहून करावा. सावंतवाडी आणि दोडामार्गच्या त्या २५ गावांपासून हे काम सुरू करता येते, कारण तेथे ठराव आहेत, न्यायालयाचे आदेश आहेत आणि वाटा दाखवणारी माणसेही आहेत.